न मारलेली पट्टी

बाई,

परवा मला नंदुरबारच्या एका कॉलेजात प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. विषय होता 'प्रेमकथा कशी लिहावी'. नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींना मी मार्गदर्शन करायचं. तुम्ही असतात तर आधी दारावरच्या फलकापाशी थांबला असतात, 'मार्गदर्शन'चे दोन्ही रफार जागेवर आहेत का ते पाहिलं असतंत आणि मगच आत पाऊल टाकलं असतंत. तुमच्या वतीने मी ते पाहून घेतलं. रफार बरोबर होते, पण माझ्या नावाआधी 'सुप्रसिध्द' लिहिलं होतं आणि त्यातला 'द्ध' उलटा होता. मी तसाच आत गेलो. सुप्रसिद्ध म्हटल्यावर माणूस द्ध कसा आहे ते बघत नाही.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी निवृत्त झालो त्यालाही आता तीन वर्षं होतील. प्रेमकथा लिहितो हे तुम्हाला माहीत होतं, पण किती लिहिल्या हे कळलं असतं तर तुम्ही कपाळाला हात लावला असता. बत्तीस. आधीच्या भाड्याच्या वाचनालयात जायच्या, हातोहात फिरून शेवटची पानं गळालेल्या. कितीतरी बायकांना माझ्या नायिकांचं पुढे काय झालं ते अजून ठाऊक नाही. आता मी फोनवर लिहितो, रोज एक भाग. वाचणारी पोरं खाली लिहितात, 'सर, पुढचा भाग कधी?' एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं हेच ऐकलं, फरक एवढाच की तेव्हा 'पुढची गाडी कधी?' असं विचारायचे. उत्तरही तेच असतं, येईल थोड्या वेळात.

आमच्या घरात मात्र या लेखनाला अजून लेखन म्हणत नाहीत. बायको म्हणते, 'बसना शेतस लिखाले', म्हणजे बसलेत लिहायला, आणि त्या 'बसना शेतस'मध्ये माणूस रिकामा आहे, दळण आणायला धाडायला हरकत नाही, एवढं सगळं असतं. एकदा तिने एक भाग वाचला आणि म्हणाली, 'तुमनी हिरोईन इतली रडस, तिले एक दाव मिरचीन्या पथारीवर धाडा, खरं रडनं काय ऱ्हास ते समजी.' मी ते खरंच मनावर घेतलं बाई. पुढच्याच कादंबरीत नायक-नायिकेची पहिली भेट मिरचीच्या पथारीवर घडवली. उघड्या रानात ओली लाल मिरची वाळत घातलेली, दोघांच्याही डोळ्यांतून धारा, नाकं लाल, एकमेकांकडे धड बघता येत नाही आणि दोघांचा गैरसमज की समोरचं माणूस आपल्यासाठी रडतंय. ती कादंबरी सगळ्यात जास्त चालली. कॉलेजात मी पोरांना हेच सांगितलं की नायक-नायिकेला पावसात भिजवू नका, तिथे आधीच फार गर्दी झालीय. तुमच्या गावात माणसं जिथे खरोखर उभी असतात तिथे त्यांना भेटवा.

दुसरं सांगितलं ते खिडकीतलं. एक पोऱ्या रोज यायचा आणि विचारायचा, 'ओ भाऊ, तोरणमायनी गाडी कव्हय शे?' मी वेळ सांगायचो. गाडी लागायची, सुटायची, हा तिथेच उभा. तोरणमाळ त्याने जन्मात पाहिलं नसेल. मग अक्कलकुव्याची गाडी लागायची, तिच्यात एक नर्सिंग शिकणारी मुलगी चढायची, गाडी निघाली की हा सायकलला टांग मारून घरी. मी दोन महिने त्याला तोरणमाळची वेळ सांगितली आणि तेवढ्यात संवाद कसा लिहायचा ते शिकलो. माणसाला हवं असतं एक आणि खिडकीत तो विचारतो भलतंच. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं आमच्या जिल्ह्यात कुणी कुणाला म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. अहिराणीत ते म्हणायला गेलं तर म्हणणाऱ्यालाच हसू येईल. तेव्हा पोरांनो, नायकाला प्रेम आहे म्हणू देऊ नका, त्याला गाडीची वेळ विचारू द्या. हे सांगितलं तेव्हा मुलांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. मला बरं वाटलं. पण बाई, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलंय ते हे नाही.

मला तुमच्याबद्दल एक खोटं निस्तरायचं होतं. परवा त्यासाठीच गेलो होतो.

तळोद्याची शाळा, नववी. तुम्ही आम्हाला महिनाभर नुसता 'ळ' शिकवत होतात. आमच्या घरी ळ नव्हताच, त्याच्या जागी य होता. शाया, डोया, काया, केयी. आमच्या गावाचंसुद्धा तयोदा. तुम्ही फळ्यावर लिहायचात, 'बाळाने केळे खाल्ले', आणि चाळीस पोरं एका सुरात म्हणायची, 'बायाने केये खाल्ले'. तुम्ही डस्टर टेबलावर आपटायचात. 'जीभ वर वळवा! य नाही, ळ!' मी त्यातून जो धडा घेतला तो असा की य हे अक्षरच खेडवळ आहे, सभ्य माणूस त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून वर्गातल्या एका मुलीला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहायला बसलो तेव्हा मी अजिबात धोका पत्करला नाही. जिथे य दिसला तिथे ळ घातला. 'प्रिळ,' अशी सुरुवात केली. 'तुला पाहिले की माझे हृदळ धडधडते. पाळ थरथरतात. मी काळ करू? तुझ्याशिवाळ मला उपाळ नाही.' तीनदा वाचून पाहिलं. इतकं शुद्ध मराठी आमच्या गल्लीत कुणी लिहिलं नव्हतं.

ते पत्र भूगोलाच्या वहीत राहिलं आणि वही तपासायला गेली. पुढचं मला आजही वर्तमानकाळातच दिसतं. मुख्याध्यापकांची खोली. मी उभा आहे, पायजम्याची नाडी उगाच घट्ट करतोय. मुख्याध्यापक पत्र तुमच्या हातात देतात, वर्गशिक्षिका म्हणून. आदल्या वर्षी असल्याच एका चिठ्ठीपायी एका पोराचं नाव शाळेतून कापलेलं आहे. माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मला तिथे कायमचं बसवायला त्यांना फक्त एक निमित्त हवं आहे. तुम्ही उभ्याउभ्या पत्र वाचता. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मग पर्समधून लाल पेन काढता आणि एकेका ळला गोल करत सुटता. खाली लिहिता दहापैकी चार, सही करता, तारीख घालता आणि मुख्याध्यापकांना म्हणता, 'पत्रलेखन आहे सर. अनौपचारिक. मीच घरून लिहून आणायला सांगितलं होतं.'

'असल्या विषयावर?'

'विषय त्याने निवडला. म्हणून तर चारच दिलेत.'

मुख्याध्यापक एकदा तुमच्याकडे बघतात, एकदा त्या चाराकडे. गुण दिले, सही झाली, तारीख पडली म्हणजे ते शाळेचं काम झालं, त्यावर त्यांना काही करता येईना. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. तिथे मला नेलंत, दार लावलंत आणि मला वाटलं आता पट्टी निघणार. मी हात पुढे केलेला होता. आणि तुम्ही खुर्चीत बसून हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडाला लावून. मग आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला आमच्या भाषेत बोलताना ऐकलं. 'हाई काय लिखेल शे रे? हृदळ? आरे, मन्हं बी असंच व्हयेल शे!' डी.एड.ला असताना तुम्ही भर वर्गात 'निसर्गाचे प्रळत्न' म्हणाला होतात आणि पुण्याकडच्या मुली आठवडाभर तुम्हाला प्रळत्न म्हणून हाक मारत होत्या, हे तुम्ही मला सांगितलंत. का सांगितलंत कोण जाणे. नववीतल्या पोराला असलं कुणी सांगत नाही. नंतर एकदम गंभीर झालात, पत्र तीनदा शुद्ध लिहून घेतलंत आणि म्हणालात, 'आता बरोबर झालं. द्यायचं की नाही ते तू ठरव.'

मी नाही दिलं. शुद्ध झाल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं. 'हृदय धडधडते' हे कुणीही लिहील. ती मुलगी आता गुजरातेत नातवंडं सांभाळते आणि माझं हृदळ कसं धडधडायचं हे तिला कधीच कळणार नाही. असो. मी शाळेत राहिलो, दहावी झालो, एसटीत लागलो आणि 'तळोद्याकडे जाणारी गाडी' तीस वर्षं लाउडस्पीकरवरून ळसकट पुकारली. ते सगळं त्या चार गुणांवर.

आता खोटं. दहावी कादंबरी निघायची होती तेव्हा प्रकाशकाचा फोन आला, मनोगत लिहा म्हणाले, 'लेखकाचा संघर्ष आला पाहिजे, वाचकाला जखम आवडते.' मी दोन दिवस जखम शोधली. वडील सायकलीचं पंक्चर काढतानासुद्धा ट्यूबला लागू नये म्हणून जपणारे, बायकोचा विरोध नाही, नोकरी पक्की, माझ्या लेखनाच्या आड येण्याइतका वेळ कुणालाच नव्हता. मग मी तुम्हाला घेतलं. लिहिलं की नववीत प्रेमपत्र लिहिलं म्हणून बाईंनी पट्टीने हात सुजेपर्यंत मारलं आणि त्या दिवशी मी ठरवलं की आयुष्यभर प्रेमावरच लिहीन. छान जमलं होतं. प्रकाशक खूश. पुढे भाषणांची आमंत्रणं यायला लागली आणि किस्सा वाढत गेला. शहाद्याला पट्टीची छडी झाली. धुळ्याला ती छडी माझ्या हातावर मोडली. एका ठिकाणी तुम्ही मला दुपारभर उन्हात उभं केलंत. प्रत्येक वेळी हशा, टाळ्या. मी नव्या लेखकांना सांगायचो की प्रेमकथेला अडथळा लागतो, अडथळा नसेल तर जवळच्या माणसातून तयार करा. ते मात्र मी अगदी अनुभवातून सांगत होतो.

तोवर तुम्ही निवृत्त होऊन नंदुरबारला भावाकडे राहायला आला होतात आणि बहिणीकडे जाताना स्टँडवर यायचात. आधी तुम्ही खिडकीशी आलात की मी चहा मागवायचो. तुम्ही चहा घेत माझं पुकारणं सुधारायचात, 'गाडी लागत आहे नाही रे, गाडी लागली आहे. उभी आहे ना ती समोर?' मनोगत छापून आलं आणि तुमची छत्री दिसली की मी टेबलाखाली पेन शोधायला लागलो. एकदा बराच वेळ शोधत होतो. वरून तुमचा आवाज आला, 'सापडलं की सांग.' आणि तुम्ही निघून गेलात. तेव्हापासून मला कळेना की तुम्ही वाचलंय की नाही.

परवाचा कार्यक्रम ठरवला होता तुमच्या भाचीने. ती त्या कॉलेजात मराठी शिकवते. लहानपणापासून तुमच्याजवळ वाढलेली, चालणं हुबेहूब तुमचं. म्हणून मी ठरवलं होतं की आज हिच्यासमोर खरं सांगायचं, तुमच्या नावावरची ती पट्टी खाली ठेवायची. कार्यक्रमाआधी चहा घेताना ती म्हणाली, 'सर, तो आत्याचा पट्टीचा किस्सा सांगाच हं. मुलांना फार आवडतो.' मी म्हटलं, अगं, त्याबद्दलच मला... तर ती हसून म्हणाली, 'मला आधी खरंच वाटेना. मला तिने कधी बोटसुद्धा लावलं नाही. मी ते मनोगत घेऊन तिला विचारलं, तू असं मारलंस? तर म्हणाली, हो, मारलं होतं. चांगलं जोरात.'

बाई, मी चहा तसाच खाली ठेवला. एक अनुस्वार चुकला तर वही परत करणाऱ्या तुम्ही, माझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोललात. आणि मला अडकवून गेलात. पट्टीची गोष्ट खरी ठेवली तर तुम्ही क्रूर, आणि मी खरं सांगितलं तर तुम्ही खोटारड्या. बत्तीस कादंबऱ्या लिहून इतका पक्का पेच मला एकदाही जमला नव्हता.

शेवटी मी बोलायला उभा राहिलो. समोर चाळीसेक जण. कापडदुकानाच्या मारवाडी घरातली एक सून, जी गल्ल्यावर बसून फोनवर कथा लिहिते आणि गिऱ्हाईक आलं की तिचा नायक वाक्याच्या मध्येच थांबतो. खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा एक तरुण, घरी हिंदी, बाजारात अहिराणी आणि वहीत मराठी. धडगावकडची एक मुलगी, तिने विचारलं, 'सर, आमच्या पावरीत लिहिलं तर चालेल का? मला मराठीत ते तसं येत नाही.' तिला मी म्हटलं, आधी तुझ्या भाषेत पूर्ण लिही, मला एकदा घाईने शुद्ध करून घेतलेलं पत्र कधीच देता आलं नाही. आणि तिथूनच मी खरं सांगायला सुरुवात केली. पत्र, ळ, दहापैकी चार, लावलेलं दार, तुमचं हसणं. दोनदा मी डोळे पुसले. शेवटी म्हणालो, 'मनोगतात काहीही असो, बाईंनी मला मारलं नाही. पण विचारलं तेव्हा त्यांनी मारलं असंच सांगितलं. आता कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा.'

सगळ्यांनी तुमचं मानलं. मारवाडी सून म्हणाली, शिक्षिका कशाला खोटं बोलतील. धडगावची मुलगी म्हणाली, मारलं असेल म्हणूनच सर रडले. ग्रिलवाला पोरगा उठून मोठ्या गांभीर्याने म्हणाला, 'सर, पहिलीच गोष्ट जास्ती खरी वाटस. हाई दुसरी गोष्ट एखाद्या कादंबरीमातली शे.' हशा पिकला. अठरा वर्षं मी खोटं सांगितलं ते सगळ्यांनी खरं मानलं, आणि एकदा खरं सांगितलं तर माझ्या लेखनशैलीचं कौतुक झालं.

तुमची भाची तेवढी हसली नाही. मला सोडायला फाटकापर्यंत आली आणि तिथे ती कॉलेजची मराठी सोडून तुमच्यासारखी बोलली. 'माले माहीत व्हतं सर. आत्या "जोरात" म्हननी आनि हसू दाबाले तोंड फिराई लिनं. तिले खोटं बोलता येच नही.' मग पुन्हा कॉलेजच्या मराठीत म्हणाली, 'शेवटच्या वेळी चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती तेव्हा तुमची आठवण काढायची. मी म्हटलं, तुझा लेखक भेटायला आला नाही. तर म्हणाली, त्याची ड्युटी असेल गं. खिडकी सोडून कसा येईल.' मी मान हलवली. म्हटलं, हो ना, ड्युटीच अशी असायची.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, फोनवरही चढवणार नाही. माझे वाचक याचा दुसरा भाग मागतील. तुमच्या लाल पेनाला यात बरंच काही सापडेल हे मला ठाऊक आहे, तरी मी ते पुन्हा वाचून नीट करत बसणार नाही. फक्त एक गोष्ट तुमच्या भाचीला सांगायची राहिली, ती तुम्हाला सांगतो. तुम्ही चिंचपाड्याला होतात ते दोन आठवडे मी दिवसातून चार वेळा चिंचपाड्याची गाडी पुकारत होतो. त्यातल्या एका रविवारी ड्युटी नव्हती, बाई. सुट्टी होती. मी दिवसभर घरीच होतो, एक प्रकरण संपवायचं होतं. नायिका दवाखान्यात होती आणि मी नायकाला वेळेवर तिथे पोचवत होतो.